चारिझार्डची थोरवी

ज्यांच्या घरांत आठ ते अठरा वर्षांचीं मुलें वावरत आहेत, त्या वाचकांस 'पोकेमॉन' हें नांव समजावून सांगण्याचें प्रयोजन नाहीं. इतरांसाठीं चार शब्द सांगतों. जपानांतील गेम फ्रीक ह्या मंडळीनें २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं निंटेंडोच्या 'गेम बॉय' ह्या हातांत मावणाऱ्या यंत्रासाठीं दोन खेळ प्रसिद्ध केले. एक तांबडा व दुसरा हिरवा. खेळणाऱ्यानें रानावनांतून हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडावे, त्यांस शिकवून तयार करावें व इतरांच्या प्राण्यांशीं त्यांच्या झुंजी लावाव्या, असा ह्या खेळांचा एकंदर थाट आहे. त्यांचे जनक सातोशी ताजिरी ह्यांना लहानपणीं किडे पकडून जमविण्याचा नाद होता. त्या नादांतून ही कल्पना निघाली. आरंभीं प्राणी १५१ होते. आज त्यांची संख्या एक हजाराच्या वर गेली आहे.

हजार प्राणी म्हटले म्हणजे आवडते आणि नावडते आलेच. मुलांच्या बैठकींत बसून त्यांचा वाद ऐकावा, तर पांच मिनिटांच्या आंत चारिझार्ड हें नांव निघाल्यावांचून राहत नाहीं. नारिंगी अंगाचा, पंख पसरलेला, शेपटीच्या टोकाशीं अखंड ज्वाळा बाळगणारा असा हा प्राणी. यादींत त्याचा क्रमांक सहावा; परंतु त्याच्या चाहत्यांच्या मतें तो सदैव पहिला. माझा नातू तर त्याच्याविषयीं असा बोलतो, कीं जणूं चारिझार्डच्या श्रेष्ठत्वाविषयीं शंका घेणें हा कुळाला बट्टा लावण्याचाच प्रकार होय.

मीं पस्तीस वर्षें मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. वर्गांतील देखण्या व चुणचुणीत मुलाची पत्रिका हातीं आली, म्हणजे भल्याभल्या शिक्षकांची लेखणी किंचित् सैल होते, हें मीं पाहिलें आहे. म्हणून ह्या प्राण्याची पत्रिकाही एकदां नांव झांकून तपासावी असें मनांत आलें. घरांतील मुलांनीं मला यंत्र चालवावयास शिकविलें, जुने-नवे खेळ दाखविले आणि माझ्या प्रश्नांना कंटाळून कां होईना, उत्तरें दिलीं. त्यावरून जें दिसलें तें येथें मांडतों.

ह्या खेळांत प्रत्येक प्राण्याची एक किंवा दोन प्रकृति ठरलेल्या असतात. मुलें त्यांस 'टाइप' म्हणतात; मला प्रकृति हा शब्द अधिक योग्य वाटतो. अग्नि, जल, तृण, विद्युत्, शिला अशी त्यांची मालिका आहे. जल अग्नीला भारी, अग्नि तृणाला भारी, असा सगळा हिशेब. चारिझार्डची प्रकृति दुहेरी आहे: अग्नि आणि उड्डाण. आतां शिलेचा प्रहार अग्नीलाही दुप्पट लागतो व उडणाऱ्यालाही दुप्पट लागतो. दोन्ही एकाच देहीं आल्यामुळें चारिझार्डला साधा दगडही चौपट लागतो. जगज्जेत्या वीराला गोफणगुंड्याचें एवढें भय असावें, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांस फारशी आठवत नाहीं.

आठवत नसेल तर ती २००६ सालीं चांगलीच आठवावयास लागली. त्या वर्षीं निघालेल्या 'डायमंड' व 'पर्ल' ह्या खेळांत 'स्टेल्थ रॉक' नांवाची एक युक्ति आली. प्रतिपक्षाच्या बाजूस अणकुचीदार शिला पसरून ठेवावयाच्या. मग त्याचा जो जो प्राणी मैदानांत उतरेल त्यास त्या बोंचतात. साधारण प्राण्याची ह्यांत एक अष्टमांश शक्ति जाते. चारिझार्डची अर्धी जाते. म्हणजे त्यानें मैदानांत पाऊल टाकलें, एकही वार केला नाहीं, कीं अर्धा प्राण गेलाच. माघारी बोलावून दुसऱ्यांदा उतरविला तर तो उभाच राहूं शकत नाहीं. पुढें २०१९ च्या खेळांत पायांत घालावयाचे जाड बूट निघाले व त्यांनीं हें संकट टळूं लागलें, हें खरें. परंतु तोंवर तेरा वर्षें गेलीं होतीं. आणि ज्याच्या पंखांची एवढी कीर्ति त्याला अखेर बुटांनीं तारावें, ह्यांतला विनोद मला तरी आवरतां आला नाहीं.

पंखांवरून आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पहिल्या तांबड्या, हिरव्या व निळ्या खेळांत प्राण्याच्या पाठीवर बसून एका गांवाहून दुसऱ्या गांवीं उडत जाण्याची विद्या होती. तिचें नांव 'फ्लाय'. ही विद्या चारिझार्डला शिकतांच येत नसे. एवढे थोरले पंख, प्रकृतींत उड्डाण हा शब्द स्पष्ट लिहिलेला, आणि उडण्याची विद्या नाहीं! त्याच खेळांत डोडुओ नांवाचा एक पक्षी आहे. त्यास दोन डोकीं आहेत, दोन लांब पाय आहेत, पंख मात्र मुळींच नाहींत. त्याला ती विद्या येत असे. पुढें पिवळ्या रंगाचा खेळ निघाला तेव्हां कर्त्यांनीं ही चूक सुधारली आणि चारिझार्ड एकदाचा उडाला. तसेंच बहुतेक मुलांच्या मनांत तो ड्रॅगन आहे. पण पहिल्या खेळांतल्या १५१ प्राण्यांत ड्रॅगन प्रकृतीचें घराणें एकच होतें, व तें चारिझार्डचें नव्हे. त्याचें जपानी नांव 'लिझार्डोन'. त्यांत सरडाच स्पष्ट दिसतो.

आतां गुणांची बेरीज पाहूं. आजच्या हिशेबानें प्रत्येक प्राण्याच्या सहा अंगांचे आंकडे ठरलेले असतात. चारिझार्डची बेरीज ५३४. त्याच्याच बरोबरीनें पहिल्या खेळापासून असलेल्या दोन सोबत्यांची, म्हणजे ब्लास्टॉइज ह्या कांसवाची ५३० व व्हीनसॉर ह्या पाठीवर फूल वाहणाऱ्या प्राण्याची ५२५. तिघांत मिळून नऊ गुणांचें अंतर. एवढ्या अंतरावर एकास गुणवंत व दुसऱ्यास ढ ठरविणारा परीक्षक मला तरी भेटला नाहीं.

आणि नुसती बेरीजही कांहीं खरी नव्हे. टॉरोस नांवाचा एक बैल आहे. तीन शेपट्या सोडल्या तर तो अगदीं बैलासारखा बैल; ना ज्वाळा, ना पंख, ना कथा. त्याची बेरीज ४९०. परंतु पहिल्या खेळांचा नियम असा होता, कीं ज्याचा वेग अधिक त्याचे वार वर्मीं लागण्याचा संभवही अधिक. टॉरोसचा वेग ११० असल्यामुळें दर पांच वारांत एखादा तरी वर्मीं बसावयाचा. त्यांतून त्याचा तो 'हायपर बीम' नांवाचा अखेरचा तडाखा: तो दिल्यावर एरवीं एक पाळी विसांवा घ्यावा लागे, पण प्रतिपक्षी त्या वारानेंच पडला तर विसांव्याची गरज नसे. ज्यांनीं ते जुने खेळ झुंजीच्या दृष्टीनें अभ्यासिले, त्यांच्या संघांतून हा बैल क्वचितच सुटतो. असें असून एकाही मुलाच्या दप्तरावर मीं टॉरोसचें चित्र पाहिलेलें नाहीं.

मग चारिझार्डच्या ह्या कीर्तीचें मूळ कोठें? माझ्या मतें पहिलें मूळ खेळाच्या डब्यावर आहे. तांबड्या खेळाच्या डब्यावर त्याचें चित्र होतें, आणि १९९८ सालीं खेळ अमेरिकेंत गेले तेव्हां हिरव्या डब्याच्या जागीं निळा आला. त्यामुळें व्हीनसॉर डब्यावरून उतरला, चारिझार्ड राहिला. दुकानांतल्या फळीवर ज्याचें तोंड प्रथम दिसलें तो मनांत बसला. मग गतानुगतिक न्यायानें एकामागून एक सगळे त्याच्या मागें चालले. दुसरें मूळ दूरचित्रवाणीवरील मालिकेंत आहे. ती जपानांत १ एप्रिल १९९७ पासून सुरूं झाली व आपल्याकडे २००३ सालीं कार्टून नेटवर्कवर हिंदीतून आली. तिच्यांत मालकानें टाकून दिलेलें, पावसांत खडकावर वाट पाहत बसलेलें, शेपटीची ज्योत विझूं पाहत असलेलें चारमँडरचें पिल्लूं आहे. तो भाग मुलांबरोबर बसून मींही पाहिला. घशाशीं आवंढा आला हें नाकारीत नाहीं. तेंच पिल्लूं पुढें मोठें होऊन चारिझार्ड होतें, उन्मत्त होतें, मालकाचें ऐकेनासें होतें, आणि ऐन मानाच्या स्पर्धेंत झुंजण्याचें नाकारून सरळ आडवें पडतें. बिचारा ॲश तेवढ्यासाठीं हरतो. प्रेक्षकांनीं ह्या उद्धटपणाचीही गणना तेजस्वितेंत केली. घरांतल्या लाडक्या थोरल्या मुलाच्या बाबतींत हें आपण पाहतोंच.

तिसरें कारण पत्त्यांचें. पोकेमॉनच्या पत्त्यांचा इंग्रजी संच १९९९ सालीं निघाला. त्यांतील चारिझार्डचा चकचकीत पत्ता मित्सुहिरो आरिता ह्यांनीं रंगविलेला आहे. पहिल्या आवृत्तीचा, अगदीं निष्कलंक असा एक पत्ता मार्च २०२२ मध्यें अमेरिकेंतील लिलांवांत ४,२०,००० डॉलरांस गेला. एवढी किंमत ज्यास आली तो खेळांतही अजिंक्य असणार, असें कोणासही वाटावें. प्रत्यक्षांत तो पत्ता खेळावयास जड होता. आधीं चारमँडर मांडावा, मग चारमेलियन, मग चारिझार्ड. त्यावर एका पाळीस एक ह्याप्रमाणें चार शक्तिपत्ते जोडावे, तेव्हां कोठें त्यास १०० अंकांचा तडाखा देतां येणार, आणि तो दिला कीं दोन शक्तिपत्ते लागलेच फेंकून द्यावयाचे. तेवढ्या वेळांत एका शक्तिपत्त्यावर लढणारा साधा हिटमोनचॅन पुढच्याचें निम्मे काम उरकीत असे. ब्लास्टॉइजच्या पत्त्यास तर एका पाळींत हवे तितके जलाचे पत्ते जोडण्याची सवलत होती. दुर्मिळतेची किंमत आणि गुणाची किंमत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलें त्या एक समजतात, आणि पुष्कळदां त्यांचे वडीलही समजतात. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं चिरंजीवांच्या हट्टापायीं बाजारांतून असाच एक चकाकणारा चारिझार्ड चांगली रक्कम मोजून घेतला. तो नकली निघाला.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, मास्तर, लोकप्रियतेवरच तुमचा राग आहे. तसें नाहीं. फेब्रुवारी २०२० मध्यें खुद्द पोकेमॉनच्या चालकांनीं जगभरच्या चाहत्यांचें मत घेतलें, त्यांत ग्रेनिंजा हा बेडूक पहिला आला. ह्या बेडकास मिळालेला मान यथार्थ आहे. प्रत्येक वाराबरोबर आपली प्रकृति पालटण्याची त्याची कला इतकी विलक्षण, कीं जाणत्या खेळाडूंनीं त्याला कित्येक ठिकाणीं सामान्यांच्या पंक्तीबाहेर बसविलें. दुसरा आलेला लुकारिओ मात्र मला शंकास्पद वाटतो. मुख्य खेळांत तो २००६ सालीं आला, पण त्याच्या नांवाचा चित्रपट २००५ सालींच निघाला होता. परीक्षेस बसण्यापूर्वींच निकाल लागल्यासारखें झालें. पिकाचूवर माझा आक्षेप नाहीं. तो अशक्त आहे हें सर्वांस ठाऊक आहे आणि त्याला सर्वश्रेष्ठ असें कोणी म्हणतही नाहीं. लोकांचा त्याच्यावर लोभ आहे, तेवढेंच. लोभाला परीक्षक लागत नाहीं.

त्या मतमोजणींत तिसरा आलेला मिमिक्यू मला सर्वांत अधिक विचार करावयास लावतो. हा प्राणी २०१६ सालच्या खेळांत आला. त्याचें खरें रूप कोणी पाहिलेलें नाहीं. पिकाचूवर सगळे प्रेम करतात हें पाहून त्यानें पिकाचूसारखें दिसणारें एक फाटकें फडकें अंगावर ओढून घेतलें आहे. फडक्यावरचें तोंड वेडेंवांकडें, कान काळजीपूर्वक शिवलेले. ज्यानें कोणी ही कल्पना काढली त्याला लोकप्रियतेचें दुःख पुरतें कळलें असलें पाहिजे. गंमत अशी, कीं झुंजींत हा मिमिक्यू पिकाचूहून पुष्कळ सरस आहे. पहिला वार त्या फडक्यावर जातो आणि तो स्वतः बहुतेक शाबूत राहतो.

माझा आक्षेप अशासाठीं आहे, कीं अवास्तव कीर्ति नुसती कीर्ति राहत नाहीं. ती वांट्याच्या वेळीं आपलें माप मागते. २०१३ सालीं 'एक्स' व 'वाय' हे खेळ निघाले व निवडक प्राण्यांस 'मेगा' नांवाचीं वरचीं रूपें मिळालीं. ज्यास मिळालें त्यास एक मिळालें; चारिझार्डला दोन. त्या वेळीं हा मान दुसऱ्या केवळ म्यूटूस मिळाला होता. त्यांतलें कडक ऊन पाडणारें रूप खरोखर पराक्रमी निघालें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण हा पराक्रम त्याला बक्षीस म्हणून दिलेला, कमावलेला नव्हे. पुढच्या वर्षापर्यंत तिसऱ्या पिढीच्या तिन्ही प्रारंभिक सोबत्यांनाही अशीं रूपें मिळालीं. मधल्या, दुसऱ्या पिढीच्या तिघांच्या पानावर कांहींच पडलें नाहीं.

ह्या दुसऱ्या पिढींत चिकोरिटा नांवाचें एक पिल्लूं आहे. डोक्यावर एक पान, गळ्याभोंवतीं कळ्यांची माळ. मोठेपणीं त्याचें मेगेनियम होतें. चिकोरिटा घेऊन खेळास आरंभ करणें कठीण, हा त्याच्यावर नित्याचा आरोप. कारण पहिली परीक्षा पक्ष्यांशीं व दुसरी कीटकांशीं, आणि दोघेही तृणाला भारी. आरोप खरा आहे. परंतु पहिल्या खेळांत चारमँडरची गत नेमकी हीच होती. पहिली परीक्षा शिलांशीं, दुसरी जलाशीं, दोन्ही अग्नीला भारी. तेथें मात्र मुलें अभिमानानें सांगतात, कीं चारमँडर घेऊन खेळण्यास धैर्य लागतें! दोष एकच, एकाच्या पदरीं तो शौर्य म्हणून पडला, दुसऱ्याच्या पदरीं दुबळेपणा म्हणून. नावडतीचें मीठ अळणी म्हणतात तें हें.

माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें शाळेंत असतांना असें एक मेगेनियम वाढविलें होतें. खेळामागून खेळ बदलले, तरी ती त्याला प्रत्येक नव्या खेळांत बरोबर घेऊन गेली; २००२ सालापासूनच्या प्राण्यांस असें पुढें नेण्याची सोय तोंवर होती. जून २०१९ मध्यें जाहीर झालें, कीं यापुढें प्रत्येक खेळांत सर्व प्राण्यांस जागा मिळणार नाहीं. त्या नोव्हेंबरांत 'सोर्ड' व 'शील्ड' हे खेळ आले. यादी ४०० प्राण्यांची. तींत चारिझार्ड पहिल्याच दिवसापासून होता. इतकेंच नव्हे, तर त्या खेळांतल्या सर्वश्रेष्ठ योद्ध्याचा तो उजवा हात होता आणि त्याला डोंगराएवढें एक नवें रूपही देण्यांत आलें होतें. त्याचे जुने सोबती ब्लास्टॉइज व व्हीनसॉर ह्यांस २०२० सालापर्यंत थांबावें लागलें. मेगेनियम शेवटपर्यंत आलेंच नाहीं.

माझा नातू तेव्हां अगदीं लहान होता, पण घरांत इतर मुलें होतीं आणि वाद झालाच. जागा मर्यादित असली तर कोणालातरी वगळावें लागणार, असें एकानें म्हटलें. मुलगी शांतपणें म्हणाली, "वगळावें लागणार हें मलाही समजतें. पण काका, वगळलें कोणाला तें पाहा ना. ज्याला दोनदां वाढलें, त्याला तिसऱ्यांदा वाढलें." मी कांहीं बोललों नाहीं. आमच्या मोठ्या पंक्तीच्या घरांत आग्रह कोणाला होतो आणि वाढतां वाढतां कोणाचें पान राहून जातें, हें तिनें लहानपणापासून पाहिलेलें आहे.

नगण्य ठरलेल्यांस संधि मिळाली तर काय होतें, ह्याचें एक उदाहरण तिनेंच मला दाखविलें. २०१४ सालीं वॉशिंग्टन येथें झालेल्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत कोरियाचा सेजुन पार्क आपल्या संघांत पाचिरिसु घेऊन उतरला. ही एक विजेची खार. दिसावयास गोजिरवाणी, आणि झुंजीच्या कामीं निरुपयोगी असें सर्वांचें मत. पार्कनें तिला मारण्याच्या कामीं लावलेंच नाहीं. प्रतिपक्ष्याचे घाव तिनें स्वतःकडे ओढून घ्यावे व जोडीच्या सोबत्यास मोकळीक द्यावी, एवढेंच काम तिला सांगितलें. बलाढ्य ड्रॅगनांचे तडाखे खाऊन ती खार उभी राहिली आणि पार्क अजिंक्य झाला. ती चित्रफीत मीं तीन वेळां पाहिली. प्रेक्षकांचा गलका ऐकण्यासारखा आहे.

चारिझार्डला मी शंभरापैकीं साठ गुण देतों. साठ गुण म्हणजे प्रथम वर्ग. त्यांत त्याची अप्रतिष्ठा नाहीं. नातवाला हा निकाल मान्य नाहीं व तो फेरतपासणी मागत आहे.

मेगेनियमचें पुढें काय झालें तेंही सांगतों. डिसेंबर २०२३ मध्यें 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' ह्या खेळांच्या पुरवणींत त्याला पुन्हां जागा मिळाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें निघालेल्या 'लेजेंड्स झेड-ए' ह्या खेळांत आरंभींच्या तीन सोबत्यांत चिकोरिटा होतें. मेगा रूपही त्याला अखेर मिळालें. पुतणी आतां नोकरी करते. त्या महिन्यांत एका रविवारीं ती सकाळीं चहा घेऊन गच्चीवर गेली, ती जेवणाचीं पानें मांडलीं तरी खालीं आली नाहीं. हाक मारावयास नातवाला पाठविलें, तर तोही वरच बसला.